ठसा कोरणारे हात

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्मरणिकेच्या पानांतून आपण आपल्या ज्ञातीतील कर्तबगार स्त्री-पुरुषांचा गौरव करतो, उत्तीर्ण विद्यार्थ्यांची नावे छापतो, देणगीदारांचे आभार मानतो आणि दिवंगतांचे स्मरण करतो. हे सर्व उचितच आहे. परंतु आज मी ज्या माणसाविषयी बोलणार आहे तो बहुधा आपल्या ज्ञातीचा नाही. त्याचे छायाचित्र आपल्या स्मरणिकेत कधी आल्याचे मला स्मरत नाही. आणि तरीही त्याच्या हातांवाचून आपल्या वाडवडिलांचा धंदा एक दिवसही चालला नसता. लाकडी ठसे कोरणाऱ्या कारागिराविषयी मी बोलतो आहे.

आपण भावसार मंडळी मूळची रंगाऱ्यांची. सौराष्ट्रातून निघून आपले पूर्वज महाराष्ट्रात, कर्नाटकात आणि त्याही पलीकडे पसरले, असे आपली परंपरा सांगते. जेथे गेले तेथे त्यांनी नदीकाठ धरला, निळीचे रांजण पुरले, आलाच्या मुळ्या उकळून तांबडा रंग काढला आणि कापड रंगवून, छापून संसार केला. हा वारसा आपण अभिमानाने सांगतो. पण छापणाऱ्याच्या उजव्या हातात जो ठसा असे, तो कोठून येई, कोण घडवी, हे आपण क्वचितच विचारतो. रंगाऱ्याच्या घरात भट्टी होती, रंगाची भांडी होती. सुताराची पटाशी नव्हती. ठसा बाहेरून येई. आपण नुसती त्याची किंमत मोजली आणि हिशेब पुरा झाला असे समजलो. तो हिशेब पुरा झालेला नाही, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

आपल्या मराठी भाषेने या वस्तूला केवढा मान दिला आहे पाहा. एखादी गोष्ट अंतःकरणात पक्की बसली म्हणजे ती मनावर ठसली असे आपण म्हणतो. एखाद्या वक्त्याने सभा जिंकली की त्याची छाप पडली. अक्षर स्पष्ट असेल तर ते ठसठशीत. आणि एखादी गोष्ट कायम झाली म्हणजे तिच्यावर शिक्कामोर्तब झाले. या शेवटच्या शब्दात तर मराठ्यांच्या दप्तराची सारी रीत साठवलेली आहे. पत्राच्या आरंभी उमटे तो शिक्का. आणि मजकूर जेथे संपे तेथे, पुढे कोणी एक अक्षरही घुसडू नये म्हणून उमटे ते मोर्तब. कागद मोडीत लिहिलेला असे, मुद्रा मात्र देवनागरीत. शिवछत्रपतींची अष्टकोनी राजमुद्रा आज शाळेतले मूलही ओळखते. परंतु ती अक्षरे उलटी कोरून ज्याने ती सिद्ध केली, त्या कारागिराचे नाव कोणाच्या ओठी आहे? ज्याचा ठसा उमटतो त्याचे नाव राहते. ज्याने तो कोरला त्याचे राहत नाही. राजमुद्रेची जी गोष्ट तीच कापडावरच्या ठशाची.

ही विद्या किती जुनी आहे याचा एक दाखला सांगतो. इजिप्तमध्ये कैरोजवळ फुस्तात नावाचे जुने शहर होते. तेथील अवशेषांत छापील सुती कापडाचे असंख्य तुकडे सापडले. ते हिंदुस्थानातले, आणि त्यांतले बरेचसे गुजरातेतले असे अभ्यासकांनी ठरवले आहे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात अशा तुकड्यांचा मोठा संग्रह असून त्यांतील काही हजार वर्षांच्या घरातील आहेत. त्या चिंध्यांवरची फुले, वेली आणि हंसांच्या रांगा आजही ओळखू येतात. कापड विणणारा गेला, रंगवणारा गेला, ज्या जहाजातून ते गेले ते जहाजही गेले. पण कोण्या एका सुताराने लाकडावर धरलेली रेघ हजार वर्षे टिकून राहिली.

गुजरातेतील या विद्येचे एक मोठे पीठ म्हणजे पेथापूर. साबरमतीच्या काठचे हे गाव आज गांधीनगरला जवळजवळ लागूनच आहे. एके काळी ते लहानसे संस्थान होते. आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये निराळी होण्यापूर्वी आपण आणि पेथापूर एकाच मुंबई राज्यात होतो. गावाची कीर्ती मात्र संस्थानामुळे झाली नाही, ठशांमुळे झाली. पेथापुरी ठशांनी छापलेली सौदागिरी नावाची कापडे समुद्रापार सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला, जात. कच्छ आणि राजस्थानातले छपाईवालेही पेथापूरच्या ठशांची वाट पाहात. हे काम करणारे कोणी सुतार-गज्जर, कोणी प्रजापती, अशा निरनिराळ्या ज्ञातींचे. ज्याच्या हातात स्थैर्य आणि डोळ्यांत बारकावा, त्याला ती विद्या प्रसन्न झाली.

आता या कारागिराचा दिवस कसा जातो ते पाहू. त्याचा दिवस उजेडाबरोबर सुरू होतो, कारण केसासारखी बारीक रेघ कोरताना बाजूने येणारा स्वच्छ प्रकाश लागतो. तो बहुधा जमिनीवरच बैठक मारतो. पुढ्यात एक बुटका लाकडी ठोकळा, हाच त्याचा चौरंग आणि हेच त्याचे मेज. लाकूड मुख्यतः सागवानाचे. तेही चांगले मुरलेले, गाठ नसलेले. ओलसर लाकडाचा ठसा आज सरळ दिसतो आणि उद्या वाकतो. वाकलेला ठसा कापडावर अर्धाच टेकतो. म्हणून पहिले काम कोरण्याचे नसून सपाट करण्याचे असते. तुकडा कापून, रंधून, कानशीने आणि मग दगडावर वाळू-पाण्याने घासून त्याचा पृष्ठभाग असा समतल करावयाचा की, वर पट्टी उभी धरली असता तिच्याखालून उजेडाची रेघही दिसू नये. या कामात काही कला नाही असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. परंतु येथे चुकलेले पुढे सुधारत नाही.

सपाट झालेल्या लाकडावर पांढऱ्या खडूचा पातळ हात देतात, म्हणजे त्यावर रेघा स्वच्छ दिसतात. आकृती आधी कागदावर काढलेली असते. कंपास, पट्टी आणि गुण्या यांच्या साह्याने वर्तुळातून षट्कोन, षट्कोनातून तारा, ताऱ्यातून फूल असे ते भूमितीचे काम चालते. आपली मुले शाळेत ज्या विषयाला भितात, तो विषय शाळेची फारशी पायरी न चढलेला हा माणूस बोटांनी सोडवतो. मग कागद लाकडावर बसवून रेघेरेघेवरून बारीक हत्यार टोचत जातात आणि आकृती लाकडावर उतरते. त्यानंतर कमानीने फिरवावयाचा सामता घेऊन रेघांच्या मधले लाकूड पोखरले जाते. कमान पुढे-मागे होते, टोक गरगर फिरते आणि लाकडाचा भुसा उडतो. सुमारे अर्धा इंच खोली साधल्यावर लहान पटाश्या हाती येतात. या पटाश्या बाजारात मिळत नाहीत. आपल्या हाताला बसतील अशा त्या कारागीर बहुधा स्वतःच घडवतो, स्वतःच पाजवतो आणि जिवापलीकडे जपतो. लाकडाच्या दांड्याचा हलका ठोका, पटाशीचे एक पाऊल, फुंकर, पुन्हा ठोका. असे तासन्‌तास चालते. एक ठसा पुरा व्हावयास नक्षीच्या मानाने दिवस लागतात, आणि फार बारीक कामाला आठवडेही लागतात.

कोरीव काम पुरे झाले म्हणजे ठशाच्या पाठीवर मूठ येते आणि ठशाला आरपार बारीक भोके पाडली जातात. त्यांना पवनसार म्हणतात. ठसा कापडावर दाबला असता आत कोंडलेली हवा त्या वाटेने निघून जाते आणि जादा रंगही साचत नाही. ही भोके नसतील तर छाप फाटल्यासारखी उमटते. शेवटी ठसा दहा-पंधरा दिवस तेलात भिजत ठेवतात. तेल लाकडात मुरले म्हणजे ते लवकर तडकत नाही. बाळाला न्हाऊ घालण्यापूर्वी आजी तेल जिरवते ना, तशीच ही माया.

एवढ्याने एक ठसा झाला. पण कापडावर जितके रंग तितके ठसे लागतात. बाह्यरेषेचा एक, जमिनीच्या रंगाचा दुसरा, आतील भरणीचा तिसरा. छपाईवाले त्यांना रेख, गद आणि दत्ता म्हणतात. तीच आकृती प्रत्येक तुकड्यावर पुन्हा उतरवून असे कोरावयाचे की, तिन्ही ठसे एकावर एक पडले असता पाकळीचा रंग पाकळीच्या बाहेर जाऊ नये. कच्छचे अजरख कापड दोन्ही बाजूंनी छापतात तेव्हा उजव्या-डाव्या ठशांची जोडी लागते, एक दुसऱ्याचे आरशातले प्रतिबिंब. सुताच्या जाडीएवढा फरक पडला तरी कापड हातात घेणाऱ्या गृहिणीला तो दिसतो. शब्दांत सांगता आला नाही तरी डोळ्याला खटकतो.

या माणसाच्या कलेचे मर्म कशात आहे, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला त्यात तीन गोष्टी दिसतात. पहिली, त्याला जग उलटे पाहता यावे लागते. कापडावर डावीकडे वळणारी वेल त्याच्या लाकडावर उजवीकडे वळते. एखाद्या शेल्यासाठी रामनाम कोरावयाचे तर ते त्याला उलट्या अक्षरांत कोरावे लागते, आणि वाचताना मात्र ते सुलट व्हावे लागते. दुसरी, त्याची सारी मेहनत नको ते काढून टाकण्यात असते. रंग लावणाऱ्याचे काम भर घालण्याचे. याचे काम वजा करण्याचे. जे राहिले तेवढेच बोलते, आणि चुकून जे निघून गेले ते परत चिकटवता येत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. त्याला एक ठसा कोरताना हजार ठशांचा विचार करावा लागतो. ठशाच्या उजव्या कडेची तुटलेली वेल पुढच्या छापेच्या डाव्या कडेला जाऊन मिळाली पाहिजे, वरची खालच्याशी जुळली पाहिजे. थान उलगडले म्हणजे एक ठसा कोठे संपला आणि दुसरा कोठे लागला हे कळता कामा नये. त्याची एक चूक संबंध थानभर उमटते. पण त्याचा चांगुलपणाही थानभर उमटतो.

या विद्येला उतरती कळा का लागली, हे आपल्या ज्ञातीला निराळे सांगावयास नको. तो आपलाच इतिहास आहे. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली. १८६८ साली जर्मन शास्त्रज्ञांनी तांबडा रंग प्रयोगशाळेत सिद्ध केला. १८९७ पासून कृत्रिम नीळ बाजारात आली. रंगाऱ्याचे रांजण कोरडे पडले. आपल्यापैकी कित्येक घराण्यांनी रंग सोडून कात्री आणि सुई हाती धरली. पुढे जाळीच्या चौकटीतून छापण्याची तऱ्हा आली आणि एका ओढीत जेवढे छापले जाऊ लागले तेवढे ठशाने छापावयास कितीतरी वेळ लागे. आपल्याला दुसरा धंदा धरता आला. ठसेकाराजवळ मात्र पिढ्यान्‌पिढ्या कमावलेले एकच हत्यार होते, आणि त्याचे गिऱ्हाईक म्हणजे आपणच होतो. आपण छापणे थांबवले, त्या दिवशी त्याच्या दारात येणारे एक पाऊल कमी झाले.

सुदैवाने ही कथा येथे संपत नाही. हातछपाईच्या कापडाची हौस देशात आणि परदेशात पुन्हा वाढली. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर कच्छमधील खत्री छपाईवाल्यांनी धमडका सोडून भुजजवळ अजरखपूर हे नवे गाव वसवले, आणि तेथे आजही लाकडी ठशांनी छपाई चालते. पेथापूरच्या ठोक्यांचा आवाजही अद्याप थांबलेला नाही. परंतु कोरणाऱ्यांची संख्या पूर्वीच्या मानाने थोडी आहे, आणि त्यांची मुले शेजारच्या राजधानीत नोकरी शोधतात. त्यांना दोष कसा द्यावा? पावसाळ्यात छापलेले कापड वाळत नाही, म्हणून छपाई मंदावते आणि ठशांची मागणीही घटते. वय झाले की डोळे दगा देतात. आणि मजुरीचे म्हणाल तर ठसा एकदाच विकला जातो. त्यावर हजारो वार कापड छापले, विकले, दुकानाच्या झगमगाटात त्याची किंमत कितीही चढली, तरी कोरणाऱ्याला त्यातून पुन्हा एक पैसाही मिळत नाही.

कोणी म्हणेल, आता यंत्राने ठसे कोरता येतात, मग या माणसासाठी एवढे हळहळावयाचे कशाला? मी यंत्राचा वैरी नाही. यंत्राने ठसा कोरता येतो, हे खरेच आहे. पण कोरणारे फिरते पाते गोल असते. ते आतल्या कोपऱ्यात शिरते तेव्हा कोपरा गोलच राहतो. पानाचे टोक जेथे देठाला मिळते ती सुईसारखी तीक्ष्ण जागा अखेर हातानेच तोडावी लागते. त्याहून महत्त्वाचे असे की, यंत्र दिलेली आकृती कोरते. ही रेघ छापताना मोडेल, ती थोडी जाड ठेवावी. येथे रंग तुंबेल, येथे वाट द्यावी. हा विचार यंत्र करीत नाही. तो विचार म्हणजेच ती विद्या. ती पुस्तकात फारशी उतरलेली नाही. ती हातातून हातात जाते, आणि मधला एक हात सुटला की संपते.

मग आपण काय करावे? आपले मंडळ लहान आहे आणि त्याची झोळीही लहान आहे. तथापि तीन गोष्टी आपल्या आवाक्यातल्या आहेत असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

पहिली गोष्ट, आपल्या घरांतील जुने ठसे. अनेक घरांच्या माळ्यावर, धान्याच्या कोठीमागे असे ठसे अजून पडून असतील. जुन्या बाजारातील व्यापारी ते किरकोळ किमतीला उचलतात आणि दिवाणखान्यातील शोभेसाठी विकतात. माझी विनंती अशी की, विकण्यापूर्वी निदान त्यांची नोंद करा. सुकलेला रंग मऊ कुंचल्याने झाडा, पाण्यात बुडवून ठेवू नका, तेलाचा हलका हात द्या, उन्हापासून आणि वाळवीपासून जपा. प्रत्येक ठशाची एक छाप कोऱ्या कापडावर घ्या आणि खाली लिहा: कोणाच्या घरचा, कोणत्या गावचा, कोणत्या वस्त्रासाठी वापरत, घरात त्या नक्षीला काय म्हणत. हे सांगू शकणाऱ्या आपल्या आजी-आजोबांची संख्या दरवर्षी घटत आहे. मंडळाने या छापांची एक वही केली तर ती आपल्या वंशावळीइतकीच मोलाची होईल.

दुसरी गोष्ट, नवे काम. लग्नाचे शेले, संमेलनाच्या पिशव्या, सत्काराची उपरणी आपण दरवर्षी घेतोच. ती ठशाने छापून घ्यावीत, त्यासाठी लागणारा ठसा कारागिराकडून सरळ करवून घ्यावा, आणि त्याने सांगितलेल्या दामात घासाघीस करू नये. जेथे छपाईवाल्याचे नाव द्याल तेथे ठसा कोरणाऱ्याचेही नाव द्या. त्याला खर्च एका ओळीच्या शाईचा. कारागिराने स्वतः निर्माण केलेली आकृती खरोखर नवी असेल तर २००० सालच्या डिझाइन कायद्याखाली तिची नोंदणी होऊ शकते. ती नोंदणी १० वर्षे चालते आणि आणखी ५ वर्षे वाढवून मिळते. आपल्यातील वकील मंडळींनी अशा एखाद्या कारागिराचा अर्ज विनामूल्य भरून दिला, तर ते मोठे पुण्यकर्म होईल.

तिसरी गोष्ट, शिकणारे हात. हस्तव्यवसायी कारागिरांना केंद्र सरकारकडून ओळखपत्र मिळते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय असून त्यांत सुतारकाम आहे. तीत प्रशिक्षण आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साह्य यांची तरतूद आहे. योजना कागदावर असतात. त्या माणसापर्यंत पोचवावयास कोणीतरी चालावे लागते. आपल्या शिष्यवृत्ती-निधीतून दरवर्षी एका तरुणाला अथवा तरुणीला कोरणाऱ्या उस्तादाजवळ काही महिने शिकावयास पाठवावे, आणि उस्तादाला शिकवणीचे मानधन द्यावे. तो शिकणारा आपल्याच ज्ञातीचा असला पाहिजे असा आग्रह नको. ज्यांनी आपल्या पूर्वजांना ठसे दिले त्यांनी ज्ञात विचारली नव्हती. त्यांनी विचारले ते एवढेच की, नक्षी कोणती हवी.

ज्ञातिबांधवांनो, ज्ञातिसंस्था कशासाठी असते? आपल्या माणसांनी एकमेकांना धरून राहावे, गरजूला हात द्यावा, मुलांनी शिकावे, यासाठी ती आहेच. पण कोणतीही ज्ञात एकटी जगलेली नाही. शेतकऱ्याने कापूस पिकवला, कोष्ट्याने विणले, सुताराने ठसा कोरला, तेव्हा रंगाऱ्याचा हात चालला. आपण आपला इतिहास लिहितो तेव्हा या हातांची नोंद त्यात नसेल, तर तो इतिहास अपुरा राहील. आणि अपुरा इतिहास वाचून मोठी झालेली मुले आपण कोणाचे देणे लागतो हे विसरतील. आजपर्यंत त्या कारागिराने दुसऱ्याची छाप उमटावी म्हणून आपली रेघ लाकडात ठेवली. यापुढे आपल्या स्मरणिकेच्या एका पानावर त्याचे नाव ठसठशीत अक्षरांत उमटावे, आणि ते त्याच्या हयातीत उमटावे, एवढीच माझी मागणी आहे. येत्या वर्षीच्या अंकात ठशांच्या वहीचे पहिले पान छापण्याचा संकल्प कार्यकारी मंडळाने आज सोडावा, अशी सूचना मी या सभेपुढे ठेवतो.